अपुरी भूल

"याआधी कधी भूल घेतलीय का, काकू? तेव्हा काही त्रास झाला होता?"

ती डॉक्टर कागदावर पेन टेकवून माझ्याकडे बघत होती. तिशी-बत्तिशीची असेल. केस मागे घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली अपुऱ्या झोपेची वर्तुळं. ठाण्याला कोपरीच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या आधी भुलीचे डॉक्टर पेशंटला तपासतात त्या खोलीत मी बसले होते. माझ्या पित्ताशयात खडे झाले होते आणि ते काढून टाकायचं ठरलं होतं. हा प्रश्न ती दिवसातून वीस जणांना विचारत असणार. मला तो बावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"घेतलीय," मी म्हटलं. "सिझरच्या वेळी. पाठीत सुई दिली होती. ती नीट लागली नाही."

"म्हणजे काय होत होतं? कोणीतरी हात लावतंय, ओढतंय असं कळत होतं, की दुखत होतं?"

"दुखत होतं. कापताना दुखत होतं आणि शिवतानाही."

"तुम्ही सांगितलंत?"

"ओरडून सांगितलं."

तिने पेन खाली ठेवलं. बाहेर बाकावर अजून चार-पाच पेशंट बसले होते, तरी ती म्हणाली, "सगळं सांगा."

मी सांगितलं. इथेही सांगते.

मी डोंबिवलीत वाढले. वडील कोकणातून नोकरीसाठी आलेले, दोन खोल्यांचं घर, मी शाळेत मराठी शिकवायला लागलेली. लग्न ठाकुर्लीतल्या मूळच्या गाववाल्या घरात झालं. त्यांची शेतं केव्हाच इमारतींखाली गेलेली. तीन मजली घर, सगळे भाऊ एकत्र, आणि सगळ्यांवर सासूबाईंचा शब्द. त्या घरातल्या सगळ्या सुना बाळंतपणाला कल्याणच्या एकाच नर्सिंग होममध्ये जायच्या. तिथला डॉक्टर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, नावाजलेला, बोलायला गोड. प्रत्येक बाईला तो 'बाळ' म्हणायचा. गावात त्याचं नाव देवासारखं घेत. मी मनातल्या मनात त्याला कधी अहो-जाहो केलेलं नाही, म्हणून इथेही करणार नाही.

मे महिना होता. पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत काही पुढे सरकेना. बाळाचे ठोके कमी होतायत, सिझर करावं लागेल, असं तो म्हणाला. भुलीचे डॉक्टर घाईघाईने आले. त्यांच्या हातातलं हेल्मेट त्यांनी टेबलाखाली ठेवलेलं मला आठवतं. मला पुढे वाकवून बसवलं, पाठीत सुई दिली, आडवं केलं. डावा पाय गरम झाला, मग जड झाला, मग नाहीसाच झाला. उजव्या पायाची बोटं हलत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, उजवा पाय हलतोय." ते म्हणाले, "होईल पाच मिनिटांत." पाच मिनिटांत ते स्वतःच निघून गेले. त्यांना दुसरीकडे केस होती.

आणि याने, बाळ म्हणणाऱ्याने, कापायला सुरुवात केली.

ते दुखणं कसं होतं हे सांगायला मला आजही नीट शब्द सापडत नाहीत आणि मी तीस वर्षं शब्दच शिकवतेय. डाव्या अंगाला काही नव्हतं. उजव्या अंगाला सगळं होतं. मी म्हटलं, "दुखतंय, थांबा." तो म्हणाला, "ते दुखणं नाही, बाळ. दाब आहे. शहाण्यासारखं पडून राहा." मी ओरडले तेव्हा दोन आयांनी माझे खांदे दाबून धरले. मुलगी रडल्याचा आवाज आला. तिला माझ्या गालाला लावून घेऊन गेले. मला वाटलं, संपलं.

मग त्याने शिवायला घेतलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पाऊण तास. एकेक टाका मला कळत होता. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता, नुसतीच कण्हत होते, आणि तो सिस्टरला विचारत होता, तुझ्या गावाहून आंब्याची पेटी यंदा कधी येणार.

बाहेर जाऊन त्याने माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगितलं, "सगळं छान झालं. मनाने जरा नाजूक आहे. फार घाबरली." तेवढं एक वाक्य त्या घराला पुरलं. मी शुद्धीवर होते, टाके ओढत होते, आणि सासूबाई माझ्या खाटेशी उभ्या राहून शेजारच्या बाईला सांगत होत्या, "आमी पाच पोरां घरान काढली, शेजारनीला आवाज नाय गेला." माझ्या नणंदेने तर त्याचा खेळच केला. घरात कोणी पोटुशी असली, की मी कशी ओरडले त्याची ती नक्कल करायची. डोळे फिरवून, मान टाकून, "आई गं, मेले मेले." हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला. सगळ्या हसायच्या. मला वाढायचं काम असायचं म्हणून मी तिथेच असायचे.

दुसरं मूल मी होऊ दिलं नाही. मुलगा हवा म्हणून घरात बरीच वर्षं धुसफूस चालली. मी मान खाली घालून ऐकायचे आणि करायचं तेच करायचे.

पण मी गप्प बसले होते असं कोणी समजू नये. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी शाळेत परत रुजू झाले आणि त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एका बाईला तिसरा महिना आहे असं कळलं. ती त्याच्याकडे जाणार होती. मी तिला डब्याच्या सुट्टीत बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. ती दुसरीकडे गेली. तिने तिच्या बहिणीला सांगितलं. तेव्हा मला कळलं की मला काय करता येतं. त्यानंतर मी एकही संधी सोडली नाही. शाळेच्या फाटकाशी, भाजीवाल्याकडे, पार्लरमध्ये, पालकसभेला. शहाडहून माझ्या शाळेत येणाऱ्या शिपाईणबाईंनी त्यांच्या चाळीतल्या पोरींना सांगितलं. मी खोटं काही बोलत नसे. जे झालं तेवढंच, हळू आवाजात, आंब्यांसकट. आंब्यांचं सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा बदलायचा. असं मी बारा-तेरा वर्षं केलं. पुढे त्याचं नर्सिंग होम बंद झालं, पाटी उतरली, तिथे कपड्यांचं दुकान आलं. त्याचा मुलगा डॉक्टर झाला नाही म्हणून बंद केलं असं लोक म्हणत. मी म्हणत नसे. त्या दिवशी मी पेढे आणले आणि घरात सांगितलं की माझ्या वर्गाचा निकाल चांगला लागला.

पित्ताशयाचे खडे चार वर्षांपूर्वीच दिसले होते. मी टाळत राहिले. पुन्हा त्या टेबलावर आडवं व्हायचं नव्हतं. शेवटी या वर्षी असा अटॅक आला की दोन दिवस पाणी पोटात ठरेना. तेव्हा मी म्हटलं, करू, पण कल्याणला नाही आणि डोंबिवलीलाही नाही. म्हणून ठाणे.

सगळं ऐकून त्या भुलीच्या डॉक्टरने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "काकू, भूल म्हणजे काय हे तुम्हाला कोणी कधी नीट सांगितलंय का?"

"नाही."

"मग मी सांगते, कारण परवा तुम्हाला मीच देणार आहे." तिने माझा फॉर्म बाजूला सारला. "दुखणं हा एक निरोप असतो. जिथे कापलं तिथून निघतो, नसांतून जातो, पाठीच्या कण्यात शिरतो आणि वर मेंदूत पोचतो. पोचला की दुखतं. तो आम्ही कुठेतरी अडवतो. दात काढताना, बोटाला टाके घालताना निघतो तिथेच अडवायचा. ती लोकल. अख्ख्या हाताचं काम असेल तर हाताच्या नसा खांद्याजवळून जातात तिथे औषध सोडायचं, तो ब्लॉक. कंबरेखालचं काम असेल तर मणक्यांच्या मधून बारीक सुईने कण्याभोवतीच्या पाण्यात औषध घालायचं. ते स्पायनल, तुम्हाला दिलं होतं ते. त्या पाण्याच्या जरा अलीकडे थांबून बारीक नळी ठेवली आणि लागेल तसं औषध सोडत राहिलं की एपिड्युरल. हल्ली कळा सुसह्य व्हायला देतात. या सगळ्यांत पेशंट जागा राहू शकतो. जनरलमध्ये मात्र निरोप घेणाऱ्यालाच झोपवायचं, मेंदूलाच. मग श्वासही आम्ही सांभाळतो. तुमचं पित्ताशय दुर्बिणीतून काढणार, पोट हवेने फुगवणार, म्हणून तुम्हाला जनरल."

"आणि तुम्ही कुठे असता तेव्हा?"

"तुमच्या डोक्याशी. शेवटपर्यंत. कुठलीही भूल असली तरी तिथून हलायचं नसतं."

 मी एकेक करून विचारायला लागले, वर्गात पोरं विचारतात तसं. "स्पायनल एकाच बाजूला लागतं का कधी?"

"लागतं. किंवा पुरेसं वर चढत नाही. त्यात पेशंटचा काही दोष नसतो. म्हणून सुरू करण्याआधी तपासायचं. स्पिरिटचा गार बोळा लावायचा, चिमटा काढायचा. लागलं नसेल तर जरा थांबायचं, परत द्यायचं, नाहीतर जनरल."

"बाळाचे ठोके कमी होत असले आणि थांबायला वेळ नसला तर?"

"तर सरळ जनरल."

"आणि बाळ बाहेर आल्यावर आई दुखतंय म्हणाली तर?"

"बाळ बाहेर आलं की प्रश्नच सुटतो, काकू. आईला शिरेतून हवी ती औषधं देता येतात. हात थांबवायचा, भुलीच्या डॉक्टरला बोलवायचं, औषध द्यायचं, मग शिवायचं."

"तेव्हा ही औषधं होती?"

"होती."

तिला वाटलं असेल मला बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. इतकी वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात मी समजत होते की माझ्या शरीरातच काही वेगळं असेल, त्याच्याही हातात काही नसेल. तेवढी एक फट मी त्याच्यासाठी नकळत ठेवलेली होती. ती त्या खोलीत बंद झाली.

तिने मला ईसीजी काढून परत यायला सांगितलं. काढून आले आणि बाहेर बाकावर बसले. शेजारी एक म्हातारा होता, पंच्याहत्तरच्या पुढचा, कानात यंत्र, मांडीवर फाइल. त्याच्या सोबतची बाई, सून असावी, रिपोर्टच्या झेरॉक्स काढायला खाली गेली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "झाला का तुमचा ईसीजी, बाळ?"

चेहरा पार बदलला होता. गाल बसलेले, भुवया पांढऱ्या. पण तो एक शब्द त्याच्या तोंडून तसाच आला, तसाच लांबवलेला. माझी उजवी बाजू आखडली. खरंच आखडली, मी तिच्यावर हात ठेवला.

"झाला," मी म्हटलं. "तुमचं काय आहे?"

"प्रोस्टेट. परवा ऑपरेशन. स्पायनल देणार आहेत." तो हसला. "मी स्वतः डॉक्टर आहे. जन्मभर दुसऱ्यांना दिलेलं बघितलं. स्वतःवर वेळ आली नव्हती. खरं सांगायचं तर जरा धाकधूक वाटतेय."

"कशाची?"

"पाय जातात ना काही तास. आपले असून आपले नाहीत."

"आणि एक गेला आणि एक नाही गेला तर?"

तो थांबला. कानातलं यंत्र बोटाने नीट केलं. "काय म्हणालात?"

"डावा पाय गेला आणि उजवा नाही गेला. बोटं हलतायत. भुलीचे डॉक्टर निघून गेलेत. तुम्ही सांगताय दुखतंय, आणि कापणारा म्हणतोय, दाब आहे, शहाण्यासारखं पडून राहा."

माझ्याकडे तो आता नीट बघायला लागला. "तुम्ही कोण?"

"तुमची पेशंट. कल्याणला, बावीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात. मुलगी झाली."

"मला नाही आठवत. माझ्या हातून हजारो बाळंतपणं—"

"मला आठवतं. मी सांगते."

मी आवाज चढवला नाही. वर्गात धडा वाचून दाखवते तसं, सुईपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, काही न गाळता सांगितलं. माझे खांदे कोणी कसे धरले, तो काय म्हणाला, सिस्टरशी काय बोलत होता. मध्ये एकदा त्याने सून गेली त्या जिन्याकडे बघितलं. ती आली नव्हती. मला ते बघून बरं वाटलं. त्यालाही कोणी सोडवायला येत नव्हतं.

संपल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "ठोके कमी होत असतील. भुलीचे डॉक्टर गेले असतील, तेव्हा एकेक जण चार ठिकाणी धावायचे. मी काय करणार? बाळ गेलं असतं."

"ते धरू आपण. बाळ काढेपर्यंतचं सगळं तुम्हाला सोडलं. शिवताना काय घाई होती?"

तो पुन्हा जिन्याकडे बघायला लागला.

"शिवताना कोणाचे ठोके कमी होत होते?"

"शेवटचे थोडेच टाके राहिले असतील."

"पाऊण तास लागला. समोर घड्याळ होतं. शिरेतून द्यायचं औषध होतं, तेव्हाही होतं. हात थांबवून भुलीच्या डॉक्टरांना परत बोलवायचं होतं. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

त्याने मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरली.   सून जिना चढून येताना दिसली. मी त्याच्या कानातल्या यंत्राच्या बाजूला वाकले आणि म्हटलं, "परवा टेबलावर तुम्ही असाल. दुखलं तर सांगा. कोणी ऐकतं का बघा."

त्याला आत बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. मी कान देऊन ऐकत होते. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, "चिमटा काढून बघाल ना? दोन्ही बाजूंना बघाल ना? तुम्ही तिथेच थांबाल ना?" डॉक्टर शांतपणे हो म्हणत होती. मग बीपीच्या यंत्राचा आवाज, मग तिचा, "काका, जरा पडून राहा, बीपी परत बघू." तिसऱ्यांदा बघितल्यावर तिने सुनेला सांगितलं की बीपी फार वाढलंय, आजच दाखल करून ते खाली आणू, मगच ऑपरेशन. त्याला व्हीलचेअरवरून नेलं. माझ्यासमोरून जाताना त्याने वर बघितलं नाही. मी मात्र तो लिफ्टमध्ये जाईपर्यंत बघत राहिले. इतकं हलकं मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

मी ईसीजी घेऊन आत गेले तेव्हा त्या डॉक्टरने आधी दार लावलं. "आजोबा बाहेर तुमच्याशी बोलत होते. ते तेच का?"

"तेच."

"तुम्हाला काय हवं होतं त्यांच्याकडून?"

"त्यांनी घाबरावं."

"घाबरलेत," ती म्हणाली. "आता ते बीपी मला खाली आणायचंय. त्यांनाही भूल मीच देणार आहे." ती रागावली नव्हती. ईसीजी बघून तिने माझ्या फॉर्मवर लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि ते माझ्याकडे वळवून दाखवलं. आधीच्या सिझरमध्ये स्पायनल अपुरं, शस्त्रक्रियेत वेदना. पहिल्यांदा ते कुठेतरी लिहिलेलं मी बघत होते. मला जी थोडी लाज वाटली ती तिची वाटली, तिचं काम वाढवलं म्हणून. त्याची नाही.

माझं ऑपरेशन ठरल्या दिवशी सकाळी झालं. ती खरंच डोक्याशी होती. तोंडावर मास्क ठेवताना म्हणाली, "मी इथेच आहे, काकू." हाताच्या शिरेत पांढरं औषध गेलं, जरा चरचरलं, आणि पुढच्या क्षणी कोणीतरी मला हाका मारत होतं. घसा खवखवत होता, अंगात हुडहुडी भरली होती, पोटावर चार छोट्या पट्ट्या होत्या. मधला वेळ नव्हताच. मी रडायला लागले. सिस्टर धावत आली. "दुखतंय का?" मी मान हलवली, नाही. तिला कळेना की मग ही बाई का रडतेय. दुखत नव्हतं म्हणूनच मी रडत होते. हे इतकं सोपं होतं.

त्याचं बीपी उतरलं आणि ऑपरेशन माझ्याच दिवशी दुपारी झालं. दुसऱ्या दिवशी, टाके हळू हळू ओढायला लागले होते आणि माझा नवरा स्टुलावर बसून पेपर वाचत होता, तेव्हा तो आमच्या वॉर्डच्या दारात उभा राहिला. एका हातात लघवीची पिशवी, दुसऱ्या हाताने सुनेचा दंड धरलेला. माझ्या नवऱ्याने त्याला ओळखलं आणि ताडकन उठून स्टूल पुढे केलं. "डॉक्टर, तुम्ही? बसा ना."

"त्यांना उभं राहू द्या," मी म्हटलं.

नवऱ्याने स्टूल मागे घेतलं. सुनेला म्हाताऱ्याने बाहेर थांबायला सांगितलं. मग खाटेची कड धरून तो म्हणाला, "मला काही कळलं नाही काल. कंबरेखाली काहीच नव्हतं. ती मुलगी दर थोड्या वेळाने विचारत होती, काका, ठीक आहे ना." तो दम घ्यायला थांबला. "असं असायला हवं होतं तुझं."

मी उशीला टेकून सरळ बसले.

"तू मला आठवत नाहीस. खोटं बोलत नाही. पण आंबे आठवले. त्या सिस्टरच्या घरून पेटी यायची."

"लिहून द्या," मी म्हटलं.

"काय?"

"जे झालं ते. तुमच्या हाताने."

मला वाटलं होतं तो टाळेल. त्याने टाळलं नाही. नवऱ्याच्या खिशातलं पेन घेतलं, माझ्या आहाराच्या तक्त्यामागचा कोरा कागद घेतला, आणि उभ्या उभ्या, खाटेच्या टेबलावर वाकून लिहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं. या रुग्णाच्या सिझेरियन शस्त्रक्रियेत स्पायनल भूल उजव्या बाजूला अपुरी होती. रुग्णाने वेदना होत असल्याचे वारंवार सांगितले. मी शस्त्रक्रिया आणि टाके तसेच पूर्ण केले. खाली सही.

मी वाचलं. "अजून एक ओळ. रुग्ण खरे बोलत होती."

त्याने लिहिली. पेन परत देताना म्हणाला, "माफी मागू का?"

"नको. मागितलीत तर द्यावी लागेल."

तो गेला. पायात हॉस्पिटलच्या स्लिपर होत्या, एक सैल, ती दर पावलाला फटकत होती. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

कागदाचं मी लॅमिनेशन करून घेतलं आणि दोन झेरॉक्स काढल्या. दीड महिन्याने नणंदेच्या नातीचं बारसं होतं. जेवायच्या आधी बायका हॉलमध्ये बसल्या होत्या. नणंदेच्या सुनेला बाळंतपणात एपिड्युरल दिलं होतं, त्यावरून विषय निघाला. नणंद म्हणाली, "तुमची मज्जा आहे बाबा. आमच्या वहिनीने तर अख्खं कल्याण डोक्यावर घेतलेलं." आणि तिने डोळे फिरवून मान टाकली.

मी पर्समधून झेरॉक्स काढली आणि उभी राहून वाचली. सावकाश, शाळेत परिपत्रक वाचतात तशी. सही कोणाची तेही सांगितलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. नणंदेची मान अजून जराशी कललेलीच होती, ती तिने हळूच सरळ केली.

"अगं, मस्करी करत होते मी," ती म्हणाली.

"बावीस वर्षं?"

सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "तवा सांगला का नाय?"

"सांगितलं होतं, आई. खाटेवर पडल्या पडल्या तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही शेजारणीला म्हणालात, आमी पाच पोरां घरान काढली."

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि खिडकीकडे बघत बसल्या. नणंदेची सून, ती ओली बाळंतीण, बाळाला मांडीवरून खांद्यावर घेत म्हणाली, "मामी, बघू जरा." तिने कागद घेऊन स्वतः वाचला आणि आपल्या सासूच्या, माझ्या नणंदेच्या, हातात दिला. तिला तो धरावाच लागला.

त्या दिवशी कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी होत्या. बायकांची ताटं बराच वेळ तशीच होती. मी व्यवस्थित जेवले. भात दोनदा घेतला.

संध्याकाळी घरी येऊन मी गच्चीवरचे कपडे काढत होते. नवरा मागोमाग वर आला. पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. त्याला काही बोलायचं असलं की तो तसा उभा राहतो.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. मी दाराबाहेरच होतो. तू म्हणत होतीस, उजवी बाजू, उजवी बाजू. स्पष्ट ऐकू येत होतं."

मी कपडे खांद्यावर टाकत होते, तशीच थांबले. "मग?"

"डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल असं वाटलं. नंतर ते म्हणाले घाबरली. मग मलाही वाटलं, तसंच असेल." तो टाकीचं झाकण नीट बसवायला लागला. "आईसमोर कधी बोललो नाही मी. बोलायला हवं होतं."

इतक्या वर्षांत त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. घरात ती नक्कल चालायची तेव्हा तो दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायचा, ते मला तेव्हा त्याचं वैतागणं वाटायचं.

मी चिमटे डब्यात टाकले, कपडे घेऊन खाली आले. त्या संध्याकाळला चार महिने झाले. मी त्याच्याशी बोलते, डबा भरते, त्याच्या गोळ्यांची आठवण करते. त्याला वाटतं विषय संपला. त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.